खिडकीकडे पाठ

१

टोमॅटोचं बी थंडीत उगवत नाही. म्हणजे उगवतं, पण रुसून, आठवडे घालवून, आणि उगवलं तरी जांभळट देठाचं, खुरटं. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा आठ-नऊवर येतो. विश्रांतवाडीत आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तर वारा अडवायला समोर काहीच नाही. त्यामुळे शालन दर थंडीत बी घरातच रुजवायची.

तिची पद्धत ठरलेली होती. रोपांचा काळा प्लास्टिकचा ट्रे. कप्प्यांत भिजवलेलं कोकोपीट, त्यात थोडं गांडूळखत. करंगळीच्या टोकानं खळगा, खळग्यात बी, वर चिमूटभर माती, हलका फवारा. दुधाच्या पिशव्या कापून जोडलेलं झाकण. मग ट्रे फ्रिजच्या डोक्यावर, कारण तिथं ऊब असते. कोंब दिसले की झाकण काढून लगेच खिडकीत. तिथंही ट्रे रोज फिरवायचा, नाहीतर रोपं उजेडाकडे झुकून वाकडी वाढतात.

मी आयुष्यभर महापालिका, पोलीस आणि कोर्टाच्या बातम्या दिल्या. मला या प्रकाराचं हसू यायचं. "माणसं मरतायत शहरात, आणि तू कोंब बघत बसलीस," असं मी म्हणायचो.

"तुमच्या बातम्यांनी कोण वाचलं ते सांगा," शालन म्हणायची, "मग माझ्या कोंबांचं बघू."

पालिकेच्या शाळेत आयुष्य काढलेली बाई. तिच्यासमोर माझं कधीच चाललं नाही.

या डिसेंबरात तिला न्यूमोनिया झाला. रुग्णालयात मी कुणाकुणाशी भांडलो ते सोडून देतो. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं अजून कच्ची आहेत. थंडी लागू देऊ नका. अजून एक झटका त्यांना सोसणार नाही." मी तेलाचा हीटर आणला, तिच्या खोलीत लावला, खिडकीच्या फटी कागदानं बंद केल्या. मुलं झाली नाहीत आम्हाला. भाऊबंद आहेत, पण ते जयंतीला भेटणारे. मला ती, तिला मी.

दिवसभरासाठी एका संस्थेकडून शर्मिला येऊ लागली. हडपसरच्या पलीकडच्या गावातली, दोन बस बदलून यायची. पहिल्या दिवशी ती खोलीत उभीच. मी म्हटलं, बसा. ती म्हणाली, "न्हाई साहेब. पेशंटच्या घरी बसायचं न्हाई, असा नियम हाय."

मी त्याच मिनिटाला संस्थेच्या चालकाला फोन लावला. त्याला काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. मग लिहायच्या टेबलापाशी असलेली माझी वेताची खुर्ची उचलून आणली आणि शालनच्या खोलीत ठेवली. "माझ्या घरात कुणी उभं राहून दिवस काढणार नाही. आणि साहेब म्हणू नका."

"मंग दादा म्हणते," शर्मिला म्हणाली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

शालन पलंगावरून बघत होती. "झाली का क्रांती?" ती म्हणाली. "आता माझं एक काम करा. खालच्या महिपतीरावांकडून टोमॅटोचं बी आणा. त्यांची मिसेस लावायची ते."

२

महिपती तळमजल्यावर राहतात. कारखान्यातून निवृत्त झालेले, अबोल. मागच्या थंडीत त्यांची बायको गेली. त्या बाईंच्या टोमॅटोचं आमच्या सोसायटीत कौतुक असायचं, ऐन गारठ्यातही झाड लालेलाल.

मी बी मागितलं तेव्हा ते दारातच उभे राहिले. "कशाला हवंय?"

"पेरायला. खायला बाजारात मिळतात."

त्यांनी आत जाऊन पुडी आणली. आमच्याच पेपरात बांधलेली, वर माझीच बातमी. मुद्दाम केलं असेल असं नाही. "बी मागितल्यावर आमच्यात नाही म्हणत नाहीत," ते म्हणाले. नाही म्हणायची फार इच्छा असल्यासारखे म्हणाले.

शालननं पलंगावर बसल्या बसल्या बी पेरलं. ट्रे फ्रिजवर गेला. आठवडा झाला तरी एक कोंब नाही. मी म्हटलं, बी मेलेलं आहे, माणसानं फसवलं. शालन म्हणाली, "लगेच आरोपपत्र नको. फ्रिजची ऊब पुरत नसेल. इकडे आणा, हीटर आहे."

तिच्या खोलीत पलंग आणि खिडकी यांच्या मधोमध एक स्टूल आहे. त्यावर ट्रे ठेवला. दोन दिवसांत सगळे कप्पे भरून आले. एकही बी वाया गेलं नव्हतं. शालननं टाळी वाजवली. त्या टाळीचा आवाज मला अजून आठवतो, कारण तो मऊ आला. हातमोजे घालून वाजवावी तसा.

मी झाकण काढलं. रोपांना दोन-दोन पानं, देठांवर बारीक पांढरी लव. सगळी एकाच बाजूला झुकलेली. मला वाटलं, खिडकीकडे.

मग लक्षात आलं, खिडकी माझ्या पाठीमागे आहे. रोपं पलंगाकडे झुकली होती.

३

मी भुताखेतांच्या बातम्या फाडून टाकणारा माणूस आहे. एका बंगल्यात म्हणे दिवे आपोआप लागायचे. मी तिथं जाऊन बसलो आणि वायरमन पकडून दिला. त्यामुळे मी आधी वायरमन शोधला.

खिडकी पूर्वेला. सकाळी उजेड थेट ट्रेवर येतो. पलीकडची भिंत पांढरी, तिच्यावरून उजेड परतत असेल. मी भिंतीला गडद चादर टांगली. हीटर पलंगाच्या बाजूला होता; तो खिडकीच्या बाजूला नेला. ट्रे उलटा फिरवला. दुपारी जेवून आलो तर रोपं पुन्हा पलंगाकडे. तोंड पलंगाकडे, पाठ खिडकीकडे.

"अहो बातमीदार," शालन म्हणाली, "झाडाची मुलाखत घेताय का?"

"उजेडाकडे का जात नाहीत ही?"

"त्यांना बाई कोण ते कळतं. वर्गातला पहिला बाक असाच बघायचा माझ्याकडे. माना वर करून." ती हसली. हसताना थोडी थांबली, श्वास घेतला. "तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही मागच्या बाकावरचे."

मी तिचा हात हातात घेतला. गार होता. हीटर लावलेल्या खोलीत, दोन शालींच्या आतला हात, आणि माठासारखा गार.

थर्मामीटर लावला. आकडा पंच्याण्णवच्या पुढे जाईना. थर्मामीटर खराब असेल म्हणून दुकानातून दुसरा आणला. एका सूत्रावर मी बातमी देत नाही. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशक्तपणा आहे, पांघरुणं वाढवा, गरम प्यायला द्या, श्वास जड झाला तर लगेच आणा.

पांघरुणं वाढवली. शालन त्यांच्याखाली लहान दिसू लागली. झोपेत ती पूर्वी भिंतीकडे वळायची. आता तिचं तोंड स्टुलाकडे असायचं. मी ट्रेची जागा बदलून पाहिली, उशाशी ठेवला, पायथ्याशी ठेवला. रोपं तिच्याकडे वळली. आणि झोपेत तीही त्यांच्याकडे.

४

एका दुपारी मी बाहेरून आलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून शालनचा आवाज येत होता. गाणं नव्हे, पण पूर्वी ती स्वयंपाक करताना काहीतरी गुणगुणायची, तसं.

ती उशीला टेकून बसली होती. गालांवर रंग. "आलात? आल्याचा चहा करा," ती म्हणाली. "आणि हळू. शर्मिलेचा डोळा लागलाय."

शर्मिला वेताच्या खुर्चीत झोपली होती. मान छातीवर, हात मांडीवर सैल पडलेले. खुर्ची स्टुलाजवळ होती.

रोपं खुर्चीकडे झुकलेली होती. सगळी.

माझ्या पावलांनी शर्मिला दचकून उठली आणि हात काखेत खुपसून बसली. "दादा, हाताला मुंग्या आल्यात. लई गारठा हाय या खोलीत. हीटर बंद हाय का?"

मी हीटरला बोट लावलं. चटका बसला.

त्या दिवशी मी दोन गोष्टी पाहिल्या होत्या आणि दोन्ही वेगवेगळ्या ठेवल्या. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून त्यांचा संबंध असतोच असं नाही, हे मी नव्या बातमीदारांना ओरडून ओरडून शिकवलं आहे. संध्याकाळी शर्मिला गेली. चहाचा कप धुवायच्या आत शालनचे गाल पुन्हा पांढरे झाले.

त्या आठवड्यात मला तिच्या केसांना एक वास यायला लागला. टोमॅटोची पानं चुरडली की येतो तो हिरवा, कडवट वास. ती कितीतरी दिवस ट्रेला हात लावत नव्हती. पाणी मी घालत होतो. मी तेल बदललं, उशीचा अभ्रा बदलला. वास तिच्या श्वासाला होता.

मग एका सकाळी मी तिला दूध द्यायला वाकलो आणि तिच्या उघड्या मनगटाकडे लक्ष गेलं. मनगटावरची बारीक लव. खोलीत वारा नव्हता. ती लव ताठ उभी होती आणि एकाच दिशेला कललेली होती.

मी शाल ओढून हात झाकला. तिला काही बोललो नाही. सरळ खाली गेलो.

५

मुलाखतीची माझी एक रीत आहे. मला हवं ते वाक्य मिळालं की मी उठतो. माणूस पुढे बोलत राहिला की आधीचं वाक्य पातळ करतो. आणि संध्याकाळी हमखास त्याचा फोन येतो, साहेब, मघाशी म्हणालो ते जरा वेगळ्या अर्थानं होतं. तो फोन मी कधीच उचलत नाही. या एका सवयीवर मी दोन नगरसेवक घरी बसवले आहेत.

महिपतींच्या घरात सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ते साध्या सदऱ्यात बसले होते. आतल्या खोलीत बायकोचा पलंग तसाच, गादी गुंडाळलेली. पलंगाशेजारी एक स्टूल. रिकामं.

"शालनताई कशा आहेत?" त्यांनी विचारलं. "अंगात ऊब आहे ना?"

"हाच प्रश्न का विचारलात?"

त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली.

"तब्येत कशी आहे, जेवतात का, असं विचारतात माणसं. तुम्ही ऊब विचारलीत. त्या बियात काय आहे?"

"बियात काय असणार? बी आहे."

"महिपतीराव, मी मंत्र्यांना घाम फोडलाय. माझ्याशी गोल गोल बोलू नका. रोपं तिच्याकडे का झुकतात?"

त्यांनी आतल्या पलंगाकडे पाहिलं. "हिच्याकडे पण झुकायची," ते म्हणाले. "ही पडून होती. स्वयंपाकघरात उगवेनात, म्हणून मीच ट्रे तिच्या शेजारी ठेवला. आमच्या हिच्या उबेवर वाढलेलं बी आहे ते. दिवसेंदिवस ही गार पडत गेली आणि रोपं…"

मला वाक्य मिळालं होतं. मी उठलो.

"अहो, बसा. पुढचं ऐका."

"ऐकलं तेवढं पुरे आहे. माहीत असून तुम्ही ते बी माझ्या घरात दिलंत! आजारी बाईच्या घरात! याचं काय करायचं ते मी बघतो."

"साहेब, तुम्ही पुढचं…"

मी जिना चढायला लागलो होतो.

६

शालनला झोप लागली होती. शर्मिला तिच्या पायांना तेल चोळत होती. मी काही न बोलता ट्रे उचलला. उचलताना रोपांची टोकं शालनच्या बाजूला ताणली गेल्यासारखी वाटली. मग सगळी सरळ झाली.

"दादा, कुठं निघाला घिऊन?"

"गच्चीवर. फेकायला."

"अगं बाई. ताईंना इचारलं का?"

विचारलं नव्हतं.

गच्चीवर तिन्हीसांजेचं गार वारं होतं. टाक्यांच्या आडोशाला मी ट्रे ठेवला आणि रोपं उपटायला सुरुवात केली. कापून चालणार नव्हतं, मुळं राहिली असती. एका रांगेनं मी उपटत गेलो. टोमॅटोचं कोवळं रोप सहज येतं. ही येत नव्हती. प्रत्येकाला आधी थोडा अडसर, मग आत कुठंतरी काहीतरी सुटायचं आणि ते हातात यायचं. डोक्यावरचा केस उपटल्यासारखं. मुळं पांढरी, लांब, कप्प्यात मावतील त्याहून कितीतरी लांब. आणि कोमट. त्या वाऱ्यात मुळं कोमट होती.

मला भयंकर राग आला होता. रागात मला बरं वाटतं, हात थरथरत नाहीत. चोराला चोरीच्या मालासकट धरलं आहे असं वाटत होतं.

फोन वाजला. महिपती. आला संध्याकाळचा फोन, मी मनात म्हटलं आणि तोडला. पुन्हा वाजला. तोडला. मग आवाजच बंद करून खिशात टाकला. खिशात तो थरथरत राहिला. थांबला. पुन्हा थरथरला. मला मजा वाटली. बोलू दे आता पुढचं, म्हटलं, कुणाशी बोलतोस बघू.

शेवटची रांग उरली तेव्हा खिशातली थरथर थांबतच नव्हती. शिवी द्यायला मी फोन काढला.

फोन शर्मिलेचा होता. त्याआधीचेही बरेचसे तिचेच होते.

७

शालन पलंगावर आडवी होती, तोंड उघडं, डोळे अर्धे उघडे. शर्मिला तिचे तळवे घासत होती आणि रडत होती. "किती फोन केले दादा! एकदम गार पडल्या. आदी बोटं, मंग हात. तुमी उचलंना!"

मी शालनच्या गालाला हात लावला. फरशीला लावल्यासारखा. नाकाशी बोट धरलं. श्वास होता की माझ्याच बोटाची धडधड होती, मला सांगता येणार नाही.

मी रुग्णवाहिकेचा नंबर लावत असताना दारात महिपती आले. तीन मजले चढून आलेले, छाती भात्यासारखी. त्यांनी पलंगाकडे पाहिलं नाही. स्टुलाकडे पाहिलं.

"उपटली?"

मी मान हलवली.

"किती राहिली?"

"काय?"

"अहो, किती राहिली ते सांगा! मी एकही ठेवलं नव्हतं!"

मला तेव्हा कळलं की हेच ते पुढचं वाक्य होतं.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. ट्रे टाक्यांपाशी तसाच होता. उरलेली एक रांग गच्चीच्या फरशीकडे वाकली होती. फरशीच्या खाली आमचा मजला, मजल्यात तिची खोली. मी उपटलेली रोपंही ओंजळीत गोळा केली. ती एव्हाना नुसता ओला पाला झाली होती.

खाली येऊन मी ट्रे स्टुलावर ठेवला. शर्मिलेची पाठ होती, ती तळवे घासत होती. महिपतींनी डोळे मिटून घेतले होते. त्यामुळे पाहिलं ते मी एकट्यानं.

रोपं वळली. दिवसभरात हळूहळू वळतात तशी नाही. हाक ऐकून माणूस मान वळवतो तशी. आणि पलंगावर शालनची मान, जिच्यात काहीही उरलं नव्हतं, तशीच त्यांच्याकडे वळली.

मग तिनं श्वास घेतला. खोल, ओढून घेतलेला. सगळ्या खोलीत पानांचा वास भरला.

८

रुग्णवाहिका आली, परत गेली. आता ठीक आहेत, ते म्हणाले. रुग्णालयात न्यायचं का, त्यांनी विचारलं. मी ट्रेकडे पाहिलं आणि नको म्हणालो.

महिपती जायला निघाले तेव्हा दारात थांबले. त्यांनी ट्रेमधली एक रांग पाहिली. मग वेताची खुर्ची पाहिली. मग चहा करायला आत गेलेल्या शर्मिलेच्या दिशेनं पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

"काय बोलायचंय ते बोला," मी म्हणालो. "ऐकतो."

"नको," ते म्हणाले. "मघाशी ऐकायला हवं होतंत. आता तुम्हाला सांगायची गरज राहिली नाही."

उपटलेली रोपं मी पुन्हा लावून पाहिली. नवीन कोकोपीट, कोमट पाणी, काड्यांचा आधार. एकही धरलं नाही. एक रांग राहिली, आणि एका रांगेवर शालन राहिली. ती भिंतीकडे बघायची, चमच्यानं भरवलेली पेज गिळायची. बोलायची नाही. 'अहो बातमीदार' नाही, टोमणा नाही. मी मुद्दाम काहीतरी मूर्खासारखं बोलायचो, की निदान चिडेल. ती डोळे मिटायची. दर संध्याकाळी तिची बोटं गार व्हायची, मग तळवे, मग कोपरापर्यंत हात. मी ट्रेच्या बाजूला खुर्ची ओढून स्वतः बसलो. रात्रभर बसलो. रोपांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. का, ते विचारू नका. त्यांना माझ्या हातांचा वास माहीत झाला असेल.

सकाळी शर्मिला आली. माझ्या सांगण्यावरून खुर्चीत बसली. दुपारपर्यंत शालनचा हात हळूहळू उबदार होत गेला, बोटांपासून वर.

मी शर्मिलेला म्हटलं, रोजच्या दोन बस बदलायचे हाल कशाला, इथंच राहा, हॉलमध्ये झोपा. तुमच्या मुलीलाही आणा, तिची दहावी आहे, इथं शांतपणे अभ्यास होईल. तिला गहिवरून आलं. "तुमच्यासारखी मानसं ऱ्हायली न्हाईत आता, दादा." पोरीला मात्र तिनं गावी आजीपाशी ठेवलं. याचं मला वाईट वाटलं. का वाईट वाटलं, ते मी स्वतःला विचारलेलं नाही.

आठवडाभरात शर्मिलेच्या ओठांचा रंग गेला. ती दोन स्वेटर घालून बसायची आणि तरी दात वाजायचे. रोपं दुप्पट उंच झाली. त्यांना जाड देठं आली, खरखरीत पानं आली, एकाला पिवळी कळी. ती सगळी खुर्चीकडे झुकलेली होती, आणि एक फांदी खुर्चीच्या हातावर टेकली होती.

त्या दुपारी शर्मिलेचा डोळा लागला होता. तिची मान एका बाजूला कलली होती. स्टुलाच्या बाजूला. मी शालनच्या तोंडाला पाणी लावत होतो. तिनं डोळे उघडले, नीट, माझ्यावर रोखून. ओठ हलले.

"अहो बातमीदार."

मी बाईंच्या समोर उभा राहिलेल्या पोरासारखा रडलो. तिनं नजर खुर्चीकडे नेली. पुन्हा माझ्याकडे आणली. त्या नजरेत जुना दरारा होता. तिनं श्वास गोळा केला, बोलायला तोंड उघडलं. "तिला…"

मला हवं ते मिळालं होतं. मी उठलो आणि पाण्याचं भांडं घेऊन बाहेर गेलो.

मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मी जन्मभर दुसऱ्यांच्या बाजूनं भांडलो. त्या दुसऱ्यांपैकी कोण माझ्या बायकोच्या उशाशी येऊन बसलं?

एक बसली होती, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्मिला आंघोळ करून आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. "दादा, चार दिस घरी जाऊन येते. अंगात जीव न्हाई. संस्थेवाले दुसरी बाई देतील."

"जा की. घ्या सुट्टी," मी म्हणालो. "आजचा दिवस बसा, उद्या मी स्वतः रिक्षानं सोडतो."

"उद्या नक्की?"

"नक्की."

मी वेताची खुर्ची उचलली आणि स्टुलाला अगदी चिकटवून ठेवली. खिडकीकडे पाठ करून. पलंगावरून शालन बघत होती. तिचे ओठ हलत होते. मी त्या बाजूला पाहिलं नाही.

"इथं बसा आज. इथं ऊन येतं."

शर्मिलेनं खिडकीकडे पाहिलं, मग फरशीकडे. "दादा, ऊन तर तिकडं पडतंय."

रोपांची पानं तिच्या पदराच्या दिशेनं हलली.

"येईल," मी म्हणालो. "बसा."